पिल्लाला चालायला शिकवलं तेव्हा

आप्पांचं चालणं सगळ्या टिळकवाडीला ओळखीचं होतं. आप्पा म्हणजे माझे वडील. बेळगावच्या कोर्टात ते वकिली करत. उंच, सडपातळ, डोक्याला पागोटं, बगलेत कागदांचं बासन, आणि पावलं इतकी लांब की बरोबरच्या कारकुनाला मधूनमधून धावावं लागे. टांग्यात बसायला त्यांना आवडत नसे. "टांग्यात बसलं की डोकं चालायचं थांबतं," असं म्हणत. ज्या दिवशी उशीर झाला म्हणून नाइलाजानं टांग्यात बसले, त्याच दिवशी खानापूर रस्त्यावर टांग्याचं चाक निखळलं आणि उजवा पाय मोडला.

हाड जुळायला तीन महिने गेले. जुळलं, पण किंचित वाकडं. डॉक्टर म्हणाले, "आता सकाळ-संध्याकाळ चाला. नाही चाललात तर पाय आखडेल, मग माझ्या हातात काही नाही." आप्पांनी मान डोलावली, काठी आणवली, आणि ती काठी ओसरीवरच्या कोपऱ्यात उभी करून ते आरामखुर्चीत जाऊन बसले. बसले ते बसलेच. कोर्टात अगदीच जावं लागलं तर टांगा दारात यायचा. एरवी पक्षकार घरी यायचे. आई विनवून दमली, मी भांडून दमले. पाय दुखतो म्हणून ते चालत नव्हते असं नाही. लोक लंगडताना बघतील, ही त्यांची खरी अडचण होती. ते बोलून दाखवत नसत, पण ओसरीसमोरून कुणी ओळखीचं गेलं की ते पायावरचं धोतर सारखं करत, ते मला दिसायचं.

मी तेव्हा वीस वर्षांची, ट्रेनिंग होऊन मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. एकुलती एक. माझ्या लग्नाचं बघायचं सोडून आप्पा मला नोकरी करू देतात, म्हणून नातेवाईक आधीच नाराज होते. त्यात घरात कुत्रं आलं.

ते आणलं उचगावच्या मामांनी. हे मामा नात्यातले नव्हेत. उचगावचे शेतकरी, आप्पांचे जुने पक्षकार. बांधाच्या एका दाव्यात आप्पांनी त्यांची बाजू लढवली होती, तेव्हापासून बाजाराला आले की आमच्याकडे डोकावल्याशिवाय जात नसत. कधी वांगी, कधी गुळाची ढेप, असं काहीतरी ओसरीवर ठेवून जायचे. संक्रांतीच्या सुमाराला आले ते खांद्यावरच्या घोंगडीत काहीतरी गुंडाळून. घोंगडी उलगडली तर आत तांबूस रंगाचं, मोठाल्या पायांचं, एक कान उभा नि एक पडलेला असं पिल्लू.

"वकीलसाहेब, ह्याची आई आमच्या मळ्यातली," मामा म्हणाले. "बाप कॅम्पातल्या कुण्या सायबाचा असणार. ह्याचं पाय बघा की. लई मोठं हुणार."

"मला कशाला हे?" आप्पा म्हणाले.

"कुत्रं दारात आलं की माणूस उठतंय. त्याला फिरवाय न्यावं लागतंय. मग तुमी बी फिराल."

आईनं स्वयंपाकघराच्या दारातून पाहिलं आणि सांगून टाकलं, "मागच्या पडवीच्या आत ते येता कामा नये." म्हणजे ठेवायला तिची हरकत नव्हती, हे आम्हाला समजलं. आप्पा म्हणाले, "नाव वगैरे ठेवू नका. राहील का नाही ते आधी बघू." म्हणून आम्ही त्याला पिल्लू म्हणायला लागलो. पुढं ते वासराएवढं झालं तरी त्याचं दुसरं नाव पडलं नाही.

मामांचा अंदाज खरा ठरला. पाऊस संपत आला तोवर पिल्लू माझ्या गुडघ्याच्या वर गेलं होतं. स्वभावानं गोड. कुणावर भुंकायचं नाही, चपला चावायचं नाही, आईनं टाकलेली भाकरी बसून खायचं. एकच खोड. गळ्यात दोरी बांधली आणि फाटक उघडलं की त्याच्या अंगात वारं शिरायचं. मान खाली, छाती पुढं, चारी पाय रोवून ते असं ओढायचं, की धरणाऱ्याचा हात खांद्यातून निघेल. गळा आवळून घरघर करायचं, खोकायचं, पण ओढणं सोडायचं नाही. कुठं जायचंय हे त्यालाही ठाऊक नसे. नुसतं पुढं जायचं.

भाद्रपदातल्या एका संध्याकाळी, उघडीप बघून, आप्पा आपण होऊन उठले. आईनं आणि मी एकमेकींकडं पाहिलं. त्यांनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हाताला दोरीचा वेढा दिला. पिल्लानं ते पाहिलं आणि आनंदानं झेप घेतली. आप्पा चार पावलं फरफटत गेले, काठी कुठल्या कुठं उडाली, आणि ते फाटकाच्या दगडी खांबाला मिठी मारून उभे राहिले. पडले नाहीत. पण समोरून दोन वकील मित्र चालले होते, ते धावत आले आणि दोन्हीकडून आप्पांना धरून खुर्चीपर्यंत घेऊन आले. लागलं नाही ना, हे पुन:पुन्हा विचारत राहिले. आप्पा हसून उत्तरं देत होते. ते गेल्यावर मात्र मला म्हणाले, "मामांना निरोप दे. बाजाराला येतील तेव्हा हे घेऊन जा म्हणावं."

"मी त्याला शिकवते," मी म्हटलं.

"काय शिकवतेस? ते जनावर आहे."

"चौथीच्या वर्गात चाळीस मुली आहेत मला. हे तर एकटंच आहे."

आप्पांना हसू आलं, ते त्यांनी मिशीत दाबलं. "दसऱ्यापर्यंत," एवढंच बोलले.

म्हणजे माझ्याकडं तीनेक आठवडे होते. पहिला आठवडा मी वाया घालवला. शेजारच्या बंगल्यात एक निवृत्त सुभेदार राहत. त्यांनी कुंपणावरून सल्ला दिला, "आखूड धर, ओढलं की हिसका दे, आणि एक छडी ठेव. पलटणीत आम्ही असंच करायचो." मी दोन दिवस हिसके दिले. पिल्लू खोकलं, माझ्याकडं वळून पाहिलं, आणि त्याला वाटलं असावं की हा काहीतरी रस्सीखेचीचा खेळ आहे. त्यानं दुप्पट जोरानं ओढलं. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडून छडी घेतली. एकदाच उगारली. ते जमिनीला पोट लावून डोळे मिटून बसलं. मला माझ्याच वर्गातली एक मुलगी आठवली, जी माझ्या आधीच्या बाईंच्या भीतीनं असंच डोळे मिटायची. छडी मी कुंपणापलीकडं सुभेदारांना परत देऊन टाकली.

तेवढ्यात बाजाराचा दिवस आला आणि मामा आले. आप्पांनी निरोपाचा विषय काढायच्या आत मीच त्यांना मागच्या दारी घेऊन गेले आणि सगळं सांगितलं. मामा उकिडवे बसले. पिल्लू त्यांच्या गळ्यात पडलं, त्यांचं कानशील चाटू लागलं.

"आक्का," ते म्हणाले, "नवं खोंड गाडीला जुपलं की काय करतंय? पळतंय. कासरा खेचला, वरडलं, की आणिक पळतंय. त्याला वाटतंय, पळायलाच सांगाय लागल्यात."

"मग तुम्ही काय करता?"

"गाडी थांबवायची. मारायचं न्हाय, बोलायचं न्हाय. गप उभं ऱ्हायाचं. त्यानं मान ढिली सोडली की मग गाडी हलवायची. ओढलं की थांबली, ढिलं सोडलं की चालली. चार दिसांत त्याला कळतंय."

"चार दिवसांत?"

"खोंडाला चार. ह्याचा बाप सायबाचा. आठ लागतील."

मामांनी जाण्याआधी गळ्यात रुतणारी सुतळी काढून टाकली. पिशवीतून अंबाडीची मऊ, जाड दोरी काढून तिचा रुंद फास केला आणि गाठ अशी मारली की तो एका मापापलीकडं आवळणार नाही. आणि एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. "जवळ येऊन उभं ऱ्हायलं की त्याला कायतरी आवडीचं द्या. पण हात तुमच्या मांडीजवळ ठिऊन द्या. म्हंजे त्याला ध्यान ऱ्हातंय, चांगलं कुठं गावतंय ते."

पिल्लाची आवडती गोष्ट मला माहीत होती. कॅम्पातल्या बेकरीचे कडक बटर. आप्पा चहात बुडवून खायचे, तेव्हा पिल्लू पडवीच्या पायरीवर बसून लाळ गाळायचं. मी एका बटराचे बोराएवढे तुकडे केले, पदराच्या टोकाला बांधले, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी उजाडता उजाडता सुरुवात केली.

पडवीपासून फाटकापर्यंत बत्तीस पावलं होतात. त्या दिवशी आम्ही फाटकापर्यंत पोचलोच नाही. पिल्लानं ओढलं की मी थांबायची. खांबासारखी. त्याच्याकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. ते ओढून ओढून थकायचं, मग वळून बघायचं, ही का थांबली म्हणून. वळलं की दोरी सैल व्हायची. लगेच मी मांडीजवळ तुकडा धरायची, ते यायचं, खायचं, आम्ही चालायला लागायचो. दीड पाऊल. पुन्हा ओढ. पुन्हा थांब. आई तुळशीला पाणी घालून आत गेली, स्वयंपाक आवरून बाहेर आली, तरी आम्ही पारिजातकाच्या झाडाशीच.

"झाडाला बांधलंय का तुला कुणी?" आईनं विचारलं.

चौथ्या दिवशी आम्ही फाटकाबाहेर पडलो. तिथं तर जगभरचे वास. शेण, ओली माती, कुणाच्या तरी घरचं तूप कढवणं. पिल्लू वेडं झालं. मी तांबड्या चिखलाच्या रस्त्यात मधोमध उभी. दूध घालणारा गेला, भाजीवाली गेली. समोरच्या घरातल्या कानडी अज्जी देवळात निघाल्या होत्या. "यल्ली होंटी?" त्यांनी विचारलं, कुठं निघालीस म्हणून. मी म्हटलं, फिरायला. अज्जी देवळात गेल्या, प्रदक्षिणा घातल्या, कुणाशी तरी गप्पा मारल्या आणि परत आल्या. मी त्याच जागी. "इन्नू इल्ले अदी?" म्हणजे अजून इथंच आहेस? आणि त्या तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांच्या ताम्हनातली फुलं खाली पडली. मलाही हसू आवरेना. पिल्लू शेपूट हलवत आमच्याकडं पाहू लागलं, आणि त्या गडबडीत दोरी पहिल्यांदा जमिनीला टेकेपर्यंत सैल झाली. मी त्याला दोन तुकडे दिले. अज्जींनी प्रसादातलं खोबरं दिलं.

शाळेत बातमी पोचायला वेळ लागला नाही. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावलं. सोनेरी काड्यांचा चष्मा, कडक इस्त्रीचं पातळ, त्यांच्यासमोर उभं राहिलं की मी आपोआप पदर सारखा करायची.

"तुम्ही सकाळी रस्त्यात कुत्रं घेऊन नुसत्या उभ्या असता, असं पालक सांगत होते. तब्येत बरी आहे ना?"

मी सगळं सांगितलं. खोंडाचं, दोरीचं, बटराचं. बाई गंभीरपणे ऐकत होत्या. शेवटी चष्मा काढून म्हणाल्या, "म्हणजे ओढाताण झाली की आपण काहीच करायचं नाही?"

"नाही बाई. फक्त पुढं जायचं नाही."

"शाळा समितीच्या बैठकीत करून बघायला हवं," असं म्हणाल्या आणि मला जायला सांगितलं. बाईंना विनोद करता येतो हे मला त्या दिवशी कळलं.

आठव्या-नवव्या दिवशी एक विचित्र गोष्ट माझ्या ध्यानात आली. सकाळी पिल्लू छान चालायचं. दहा पावलं, पंधरा पावलं, दोरी झोळीसारखी लोंबलेली. पण संध्याकाळी शाळेतून आल्यावर बाहेर काढलं की पुन्हा तीच मान खाली, तीच घरघर. जणू सकाळचा धडा कुणीतरी पाटीवरून पुसून टाकलेला. दुसऱ्या सकाळी पुन्हा मेहनत, पुन्हा सुधारणा, संध्याकाळी पुन्हा पहिले पाढे. मी रडकुंडीला आले. दसरा आठवड्यावर आला होता.

एका संध्याकाळी मी पडवीत कपाळाला हात लावून बसले होते. आई तांदूळ निवडत होती. सूप खाली न ठेवता, माझ्याकडं न बघता ती म्हणाली, "उद्या शाळेतून मधल्या सुट्टीत जरा घरी ये."

"का?"

"ये म्हटलं ना. आणि पुढच्या दारानं येऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी जवळजवळ पळतच आले. परसाच्या बाजूच्या बोळातून वाकून कुंपणाआड उभी राहिले. आमच्या परसात विहीर होती, तिच्याभोवती मोकळी जागा. आणि त्या विहिरीभोवती आप्पा फिरत होते. डोक्याला पागोटं नाही, धोतर वर खोचलेलं, काठी विहिरीच्या कठड्याला टेकवून ठेवलेली. हातात अंबाडीची दोरी. पुढं पिल्लू जीव खाऊन ओढतंय आणि मागं आप्पा लांब लांब पावलं टाकत चाललेत. लंगडत होते, पण चालत होते. "हं, चल, चल! अरे जोर लाव!" असं ओरडत होते. एक फेरी, दुसरी, तिसरी. त्यांचा चेहरा घामानं चमकत होता. आप्पांना असं मोठ्यानं हसताना मी टांगा उलटल्यापासून ऐकलं नव्हतं.

मी रागावणार होते. पण माझ्या डोळ्यांतून पाणीच यायला लागलं. कुंपण ओलांडून मी पुढं झाले तेव्हा आप्पा एकदम थांबले. पिल्लू मात्र थांबलं नाही, त्यानं त्यांना आणखी दोन पावलं ओढत माझ्यापाशी आणलं.

"आप्पा, मी सकाळी त्याला ओढू नको म्हणून शिकवते, आणि तुम्ही दुपारी..."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. विहिरीच्या कठड्यावर बसले, धाप लागली होती. "पहिल्यांदा नुसतं बघायचं होतं. म्हटलं, तू इतकी उभी राहतेस, काय होतंय ते बघावं. त्यानं ओढलं, आणि माझा पाय आपोआप पुढं पडला. भीती वाटायला वेळच मिळाला नाही. मग रोजच..."

"किती दिवस?"

"आठ दिवस. कालपासून वीस फेऱ्या होतात," हे सांगताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला.

आई पडवीच्या दारात उभी होती. "मी रोज मोजते," ती म्हणाली. "काल एकवीस झाल्या."

मी मधल्या सुट्टीनंतर शाळेत पाच मिनिटं उशिरा पोचले. संपूर्ण दुपार चौथीच्या मुलींना मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. डोक्यात एकच चाललं होतं, की आप्पांना चालवणारी ओढ आणि मला घालवायची असलेली ओढ एकच आहे. ती काढली आणि आप्पा पुन्हा खुर्चीत बसले तर? मग पिल्लू शिकून उपयोग काय?

संध्याकाळी मी आप्पांच्या समोर बसले. "रस्त्यावर ओढणारं कुत्रं घेऊन तुम्हाला जाता येणार नाही," मी म्हटलं. "विहिरीभोवती ठीक आहे. रस्त्यावर गाडी येते, गुरं येतात."

"रस्त्यावर कोण जातंय?"

"तुम्ही."

त्यांनी पायावरचं धोतर सारखं केलं.

"पाय तुमचाच पडतोय आप्पा. वीस फेऱ्या पिल्लानं नाही घातल्या. आता ते ओढणार नाही, तरी पाय पडेल का ते बघायचं. दसऱ्यापर्यंतची मुदत तुम्हीच दिलीत."

"ती कुत्र्याला दिली होती."

"आता दोघांना," आई आतून म्हणाली.

पुढचे सहा दिवस म्हणजे माझ्या शिक्षकी आयुष्यातला सगळ्यात अवघड वर्ग. पिल्लू सोपं होतं. आप्पा अवघड. दोरी ताणली की थांबायचं हे त्यांना पटायचं, पण थांबले की ते पिल्लाला समजावून सांगायला लागायचे. "हे बघ, तू असं करणं योग्य नाही." मी म्हणायची, "आप्पा, बोलायचं नाही." ते म्हणायचे, "दोन्ही बाजू ऐकून घ्यायला नकोत का?" एकदा दोरी सैल नसतानाही त्यांनी तुकडा देऊन टाकला, कारण पिल्लानं त्यांच्याकडं केविलवाणं पाहिलं. बटर अर्धा पिल्लाच्या पोटात आणि अर्धा त्यांच्या स्वत:च्या, हेही मी पाहिलं. पण चौथ्या दिवशी ते विहिरीभोवती काठी टेकत, सैल दोरीनं, सहा फेऱ्या चालले. ओढणारं कुणी नव्हतं. पाय पडत होता. सहावी फेरी झाल्यावर ते थांबले, दोरीकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, आणि सातवी घातली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मामा झेंडूची फुलं घेऊन आले. आप्पांनी त्यांना परसात नेऊन मोठ्या अभिमानानं पिल्लू चालवून दाखवलं. मामांनी दोरी आपल्या हातात मागितली. पिल्लाला दोरीवर नवा हात दिसला, त्यानं लगेच परीक्षा घेतली. छाती पुढं काढून ओढलं, आणि मामा, ज्यांनी ही विद्या शिकवली ते मामा, "अरं अरं अरं!" करत त्याच्यामागं केळीच्या वाफ्यात शिरले.

"थांबायचं, मामा, थांबायचं!" मी ओरडले.

"व्हय की! इसरलोच!" मामा चिखलात उभे राहून म्हणाले, आणि पडवीत आलेल्या आईसकट आम्ही चौघंही असे हसलो की सुभेदार कुंपणाशी येऊन चौकशी करून गेले.

दसऱ्याच्या दिवशी दुपार कलल्यावर आप्पांनी कोट चढवला, पागोटं बांधलं, काठी घेतली. मला म्हणाले, "तू दहा पावलं मागं राहा. मदतीला यायचं नाही." फाटक उघडलं. पिल्लानं एकदा नाक वर करून हवा हुंगली. आप्पा थांबून राहिले. पिल्लू वळलं, त्यांच्या डाव्या पायाशी आलं, आणि ते दोघं निघाले.

ठरलं होतं व्हॅक्सिन डेपोच्या मैदानापर्यंत जायचं, तिथली मोठी झाडं आप्पांना आवडत. रस्त्यानं लोक सोनं वाटत निघालेले, नवे कपडे, दारोदारी तोरणं. "वकीलसाहेब! बरं वाटलं बघून!" कुणीतरी म्हणालं. मला पाठीमागून आप्पांचा खांदा ताठ झालेला दिसला. आता थांबतील, परत फिरतील, असं वाटलं. पण ते म्हणाले, "पाय जरा वाकडा झालाय. चालायला लागतोय हळूहळू." पाय वाकडा झालाय, हे त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं.

वळणावर शेरडांचा कळप आला. तीस-चाळीस शेरडं, गळ्यात झेंडू, मागं धनगर. पिल्लाचा उभा कान आणखी उभा झाला आणि पडलेलाही उभा राहिला. दोरी ताणली. माझा पाय आपोआप पुढं गेला, पण मी स्वत:ला आवरलं. आप्पा थांबले. काठी पुढं रोवली, दोन्ही पाय टेकले, समोर कुठंतरी दूर बघत उभे राहिले. पिल्लू थरथरत होतं. शेरडं बें बें करत दोन्ही बाजूंनी जात होती, एकीनं तर पिल्लाचं नाक हुंगलं. आप्पा एक अक्षर बोलले नाहीत. कळप निघून गेला, धूळ खाली बसली. पिल्लानं एक मोठा श्वास सोडला, मागं वळून आप्पांकडं पाहिलं, आणि एक पाऊल मागं आलं. दोरी सैल झाली.

आप्पांनी खिशातून अख्खा बटर काढून त्याला दिला. मी काही म्हटलं नाही.

मैदानावर झाडाखाली बसलो तेव्हा आप्पांचा पाय चांगलाच दुखत असणार, पण ते आजूबाजूला असं बघत होते जसं परगावाहून खूप दिवसांनी आलेला माणूस बघतो. "त्या बाजूला नवी घरं झाली की," म्हणाले. वर्षभर ते रस्ते त्यांनी पाहिलेच नव्हते. परत येताना दोनदा बसावं लागलं. आई फाटकात उभी होती. तिनं दोघांना ओवाळलं. म्हणजे आप्पांना ओवाळलं आणि ताम्हन जरा खाली धरून पिल्लाच्या समोरूनही फिरवलं, आणि कुणी बघितलं का म्हणून इकडं तिकडं पाहिलं.

दिवाळीनंतर आप्पा चालत कोर्टात जायला लागले. पूर्वीसारखे नाही. आता कारकुनाला धावावं लागत नसे, उलट त्यालाच थांबावं लागे. पिल्लू रोज पहिल्या रेल्वे गेटापर्यंत सोडायला जायचं आणि माझ्याबरोबर परत यायचं. टिळकवाडीत आणखी दोन-तीन घरांनी कुत्री पाळली, आणि त्या घरची माणसं मला विचारायला यायची, कसं शिकवायचं. मी सांगायची. बहुतेकांना वाटायचं, आणखी काहीतरी युक्ती असणार, जी मी सांगत नाही. नुसतं उभं राहायचं, यावर कुणाचा विश्वास बसत नसे.

दोन वर्षांनी माझं लग्न ठरलं, संकेश्वरला. सासरची माणसं शिकलेली होती, नोकरी करू देणारी. पहिल्यांदा माहेरी येऊन परत निघाले तेव्हा आप्पा मला मोटार स्टँडपर्यंत सोडायला निघाले. टांगा केला नाही. ट्रंक पुढं गड्याबरोबर पाठवली आणि आम्ही चालत निघालो, आप्पा, मी आणि पिल्लू. पिल्लू आता भरदार झालं होतं, चालताना राजासारखं दिसायचं. सकाळचं ऊन होतं, रस्त्याच्या कडेनं उसाच्या गाड्या चालल्या होत्या. आप्पा एका नव्या दाव्याबद्दल सांगायला लागले, दोन भावांचं एका आंब्याच्या झाडावरून भांडण, फांद्या एकाच्या हद्दीत आणि बुंधा दुसऱ्याच्या. त्यांना मजा येत होती. हातवारे करत होते, काठीनं हवेत झाड काढून दाखवत होते. "मग मी त्यांना म्हटलं, आंबे तरी गोड आहेत का? तर दोघं एकदम म्हणाले, लई गोड!" मी हसत होते, प्रश्न विचारत होते. आम्ही इतके बोलण्यात होतो की स्टँड आल्याचं मला कळलंच नाही. मोटार उभी होती, लोक चढत होते, आणि आप्पांना अजून दुसऱ्या साक्षीदाराचं सांगायचं होतं.